प्लॅन नापास, शहर पास!

रात्रभर जागून केलेलं सबमिशन सरांनी दोन मिनिटांत बाजूला सारलं, की आपला अख्खा दिवस खराब होतो ना? मग तुम्ही ख्रिस्तोफर रेनला भेटायलाच हवं. या माणसाने एका अख्ख्या शहराचा प्लॅन केला होता. तो नापास झाला!

साल १६६६. ऑगस्टमध्ये इकडे शिवाजी महाराज आग्र्याहून निसटले आणि तिकडे लंडनमध्ये २ सप्टेंबरला पहाटे पुडिंग लेनमधल्या एका बेकरीत आग लागली. घरं लाकडी, गल्ल्या अरुंद, उन्हाळा कोरडा, त्यात पूर्वेचा जोरदार वारा. चार-पाच दिवसांत १३ हजारांवर घरं आणि ८७ चर्च खाक झाली. शहराची शान असलेलं सेंट पॉल कॅथेड्रलही गेलं. त्याच्या डागडुजीचं बघायला रेन जेमतेम आठवडाभर आधीच तिथे जाऊन आला होता.

तेव्हा तो ३३ वर्षांचा होता आणि पेशाने चक्क खगोलशास्त्राचा प्राध्यापक! १६३२ मध्ये एका धर्मगुरूच्या घरी जन्मलेला हा मुलगा ऑक्सफर्डला शिकला. दुर्बिणीत रमला, मेंदूवरच्या एका पुस्तकासाठी त्याने चित्रंही काढली. वास्तुकलेची डिग्री वगैरे काही नव्हती. गणित पक्कं होतं, त्या जोरावर दोन-तीन इमारतींची कामं घेतली होती, एवढंच.

आग विझून आठवडाही झाला नव्हता, तोच रेन नवा नकाशा घेऊन राजा दुसऱ्या चार्ल्ससमोर हजर. (हो, लग्नात मुंबई आंदण मिळालेला तोच हा राजा.) रुंद, सरळ रस्ते, मोठे चौक, सगळं कसं आखीव. पण ते रस्ते जात होते लोकांच्या प्लॉटवरून. राखेत उभ्या असलेल्या माणसाला आधी आपलं घर, आपलं दुकान हवं होतं. भरपाई द्यायला तिजोरीत पैसा नव्हता. आपल्याकडच्या रस्ता रुंदीकरणाच्या बातम्या आठवा, म्हणजे पुढचं सांगायला नको. नकाशा कागदावरच राहिला.

रेन मात्र रुसून बसला नाही. पुनर्बांधणीचे नियम ठरवणाऱ्या सहा जणांत तो होता. १६६७ मध्ये कायदा आला. घरं विटांची किंवा दगडाचीच, ठरावीक रस्ते रुंद आणि खर्चासाठी कोळशावर कर. घरमालक-भाडेकरूंचे तंटे सोडवायला वेगळं कोर्टही बसलं. शहर जुन्याच वळणांवर, पण पक्क्या भिंतींनी उभं राहू लागलं.

मग रेनकडे ५१ चर्च आली. जागा कुठे तिरकी, कुठे चिंचोळी. जशी जागा तसं डिझाइन, असं करत त्याने ती सहकाऱ्यांच्या मदतीने उभी केली.

आणि सेंट पॉल? त्यासाठी त्याने ओक लाकडाचं सुमारे २० फूट लांबीचं मॉडेल करून घेतलं. त्याचा जीव होता त्यावर. पण आपल्या नेहमीच्या चर्चसारखं हे दिसत नाही, असं धर्मगुरूंचं म्हणणं पडलं. पुन्हा नापास! १६७५ मध्ये त्यांना रुचेल असा आराखडा मंजूर झाला आणि काम सुरू झालं. त्याच वर्षी त्याची पत्नी देवीच्या साथीत गेली. काम थांबलं नाही. सजावटीत बदल करायची मुभा राजाने दिली होती. या पठ्ठ्याने ती एवढी ताणली, की शेवटी उभा राहिला तो मंजूर आराखड्यात नसलेला भव्य घुमट!

काम लांबलं म्हणून १६९७ मध्ये पार्लमेंटने त्याचा अर्धा पगार रोखला. तो हातात पडला १७११ मध्ये, कॅथेड्रल पूर्ण झाल्यावर. तेव्हा तो ऐंशीच्या उंबरठ्यावर होता. १७२३ मध्ये, नव्वदी पार करून तो गेला. त्याचं दफनही तिथेच, तळघरात झालं.

आणि ते नापास झालेलं मॉडेल? ते आजही त्याच कॅथेड्रलमध्ये जपून ठेवलंय. तेव्हा ती परत आलेली फाइल लगेच डिलीट करू नका, काय?