बडोद्याचा अर्ज आणि दिल्लीचा कायदा

औसा तालुक्यातला आपला एखादा मुलगा शिकतो, परीक्षा देतो, शहरात नोकरीला लागतो. वस्तीत पेढे वाटले जातात. सहा महिन्यांनी तो सुट्टीवर येतो तेव्हा गप्प असतो. जेवणावर वासना नाही, डोळ्याला झोप नाही. विचारले तर ऑफिसात सगळे ठीक आहे म्हणतो. मग कोणी बाहेरचे झाले म्हणतो, कोणी देवऋष्याकडे न्यायला सांगतो. आडनाव कळल्यापासून साहेबांचा सूर बदलला, आपल्या शेजारी बसून कोणी डबा उघडत नाही, हे तो कोणाला सांगणार? अशा वेळी बाबासाहेबांचे चरित्र पुन्हा उघडावे. कामाच्या जागी माणसाचे मन कसे मोडते आणि ते मोडू नये म्हणून काय करावे लागते, या दोन्ही गोष्टी त्यात आहेत.

महाराजा सयाजीराव गायकवाडांनी शिष्यवृत्ती दिली आणि १९१३ साली भीमराव आंबेडकर अमेरिकेला गेले. परतल्यावर बडोदा संस्थानची दहा वर्षे नोकरी करायची, असा करार होता. तो पाळण्यासाठी सप्टेंबर १९१७ मध्ये ते बडोद्याला आले. वय सव्वीस वर्षांचे, कोलंबिया आणि लंडन येथे शिक्षण झालेले, नेमणूक लष्करी सचिवाची. पण स्टेशनावर उतरल्यापासून प्रश्न एकच होता, राहायचे कोठे? अस्पृश्याला जागा देणारी खानावळ गावात नव्हती. शेवटी पारशी नाव धारण करून ते एका पारशी सरायीत उतरले.

कचेरीत शिपाई फायली लांबून टेबलावर फेकत. प्यायला पाणी मिळत नसे. रात्री आठच्या सुमारास ते सरायीत परतत. खाली माणसांचा वावर नाही, वर अडगळीने भरलेला काळोखा दिवाणखाना, एक कंदील आणि वटवाघळांची फडफड. बोलायला कोणी नाही म्हणून ते वाचत बसत. मुंबईहून भाचा उरलेले सामान घेऊन आला आणि मामांची ही दशा पाहून इतका रडू लागला, की त्याला लगेच परत पाठवावे लागले. परदेशात ज्याला कोणी कमी लेखले नाही, तो विद्वान स्वतःच्या देशात नोकरी लागल्यावर असा एकाकी झाला.

त्यांनी निवासासाठी दिवाणांकडे अर्ज केला होता. तो या अधिकाऱ्याकडून त्या अधिकाऱ्याकडे फिरत राहिला. उत्तर येण्याआधीच, अकराव्या दिवशी सकाळी, डझनभर पारशी लाठ्या घेऊन दारात उभे राहिले आणि त्याच दिवशी सराय सोडावी लागली. एका हिंदू व एका ख्रिस्ती मित्राकडे आसरा मागितला, दोघांनी अडचणी सांगितल्या. मग मुंबईची गाडी येईपर्यंत सुमारे पाच तास ते कामाठी बागेत बसून राहिले. ही हकीकत त्यांनी पुढे सुमारे अठरा वर्षांनी स्वतः लिहिली, तेव्हाही ती आठवली की त्यांचे डोळे भरून येत. घाव अंगावर नव्हता, पण अठरा वर्षांत भरला नव्हता. मनाचा घाव म्हणतात तो हाच.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. सयाजीरावांची दानत खोटी नव्हती. त्यांच्याइतका उदार धनी त्या काळात विरळाच. तरीही त्यांच्याच कचेरीत त्यांचाच अधिकारी पाण्यावाचून राहिला. कारण महाराजांची माया महालात होती आणि नोकराचा दिवस शिपाई, कारकून व खातेप्रमुख यांच्यात जात होता. त्यांना बांधणारा नियम नव्हता. मालक चांगला असून भागत नाही, हा बडोद्याचा धडा आहे.

बाबासाहेब तो विसरले नाहीत. १९१८ साली ते सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले, तेथेही पाण्याच्या भांड्यावरून सहकाऱ्यांनी कुरबूर केली. १९३६ मध्ये त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. १९३८ मध्ये मनमाडला रेल्वेतील अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत त्यांनी जातीमुळे बढतीची दारे कशी बंद होतात ते मांडले. फेब्रुवारी १९४१ मध्ये ते आपल्या भागात, कसबे तडवळ्याला, महार-मांग वतनदार परिषदेला आले. औसाही तेव्हा निजामाच्या राज्यात उस्मानाबाद जिल्ह्यातच होते. वतन म्हणजे तरी काय? ज्या कामाला वेळ नाही, सुट्टी नाही, मान नाही आणि सोडायची सोय नाही, असे काम. त्यात पिढ्यान्‌पिढ्यांची मने वाकली.

पुढच्याच वर्षी, जुलै १९४२ मध्ये, ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. आता खुर्ची त्यांची होती, पण त्यांनी मालकांच्या दयेची वाट पाहिली नाही. सरकार, मालक आणि कामगार यांना एका टेबलाशी बसवले. डिसेंबर १९४३ मध्ये धनबाद भागातील कोळशाच्या खाणीत स्वतः उतरून पाहिले आणि १९४४ मध्ये खाणकामगारांसाठी कल्याण निधी उभा राहिला. १९४५ च्या दुरुस्तीने कारखान्यातील कामगाराला वर्षाकाठी दहा दिवसांची भरपगारी रजा मिळाली. १९४६ च्या दुरुस्तीने आठवड्याचे तास ५४ वरून ४८ वर आले. त्यांच्या खात्याने सुरू केलेल्या तयारीतून १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा आला. या योजनेच्या दीर्घ आजारांच्या यादीत पुढे स्किझोफ्रेनियासारख्या मनाच्या आजारांनाही जागा मिळाली. विश्रांती ही मेहेरबानी नसून हक्क आहे, हा या सगळ्याचा गाभा.

२०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने कामाच्या जागी मनाचे आरोग्य कसे जपावे याची मार्गदर्शक तत्त्वे काढली. वरिष्ठांना शिकवा, कामाचा बोजा व छळ आटोक्यात आणा, असे त्यांचे सार आहे. ते वाचताना बडोदे आठवल्याशिवाय राहत नाही. नगरपालिका असो, एसटी आगार, साखर कारखाना, शाळा की आडत दुकान, तक्रारीला ठरलेल्या मुदतीत लेखी उत्तर मिळाले पाहिजे. पाणी आणि बसण्याची जागा सर्वांना एक असली पाहिजे. मनाच्या आजारासाठी रजा मागणाऱ्याला वेडा ठरवता कामा नये.

आणि हे फक्त दुसऱ्यांना सांगून चालणार नाही. आपल्यातही आता ठेकेदार, संस्थाचालक, अधिकारी झाले आहेत. आपल्या हाताखालच्या माणसाचा अर्ज कोणत्या टेबलावर पडून आहे, हे त्यांनीही पाहावे. घरी आलेल्या त्या गप्प मुलाला देवऋष्याकडे नेऊ नका. डॉक्टरकडे न्या, १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर फोन लावा, आणि आधी त्याच्याजवळ बसा. बाबासाहेबांजवळ त्या दिवशी बागेत कोणीच बसले नव्हते.