विश्लेषण : दोन डिस्क बंद पडल्या तरी फोटो कसे वाचतात? घरच्या सर्व्हरमागचे गणित मांडणाऱ्या गाल्वाची कहाणी

लग्नाचे व्हिडीओ, मुलांचे फोटो, जमवलेली गाणी आणि चित्रपट एकाच जागी ठेवून घरातल्या टीव्हीवर, मोबाइलवर पाहता यावेत म्हणून अनेक जण आता घरीच छोटा मीडिया सर्व्हर उभारतात. त्यासाठी सुटे भाग निवडताना पहिलाच पेच असतो तो डिस्कचा. किती घ्यायच्या, आणि त्यातल्या किती केवळ सुरक्षेसाठी राखून ठेवायच्या? सहा डिस्कच्या सर्व्हरमधल्या कोणत्याही दोन बंद पडल्या, तरी एकही फोटो न गमावण्याची सोय आज उपलब्ध आहे. ही सोय ज्या गणितावर चालते, ते १८३० मध्ये एका १८ वर्षांच्या फ्रेंच मुलाने मांडले. त्याचे नाव एव्हारिस्त गाल्वा. त्याचे स्वतःचे महत्त्वाचे हस्तलिखित मात्र कायमचे हरवले आणि उरलेले काम थोडक्यात वाचले. सर्व्हरचे भाग निवडणाऱ्याने या दोन्ही गोष्टी समजून घ्यायला हव्यात.

गाल्वा कोण होता?

गाल्वाचा जन्म २५ ऑक्टोबर १८११ रोजी पॅरिसजवळच्या बूर-ला-रेन या गावी झाला. वडील निकोला-गाब्रिएल गावाचे महापौर आणि उदारमतवादी विचारांचे. आई आदेलाइद-मारी सुशिक्षित होती. वयाच्या १२व्या वर्षापर्यंत तिनेच त्याला घरी शिकवले. १८२३ मध्ये तो पॅरिसच्या लूई-ल-ग्रां या नामांकित शाळेत दाखल झाला. गणिताची गोडी त्याला १८२७ च्या सुमारास लागली. लजाँद्रचे भूमितीचे पुस्तक हाती पडले आणि मग इतर विषय मागे पडले. पुढे लूई रिशार या शिक्षकांनी त्याची बुद्धी ओळखली. एप्रिल १८२९ मध्ये, शाळेत असतानाच, त्याचा पहिला गणिती निबंध छापून आला.

अपयशांची मालिका कशी सुरू झाली?

एकोल पॉलिटेक्निक ही तेव्हा फ्रान्समधली गणिताची सर्वात प्रतिष्ठित संस्था. १८२८ मध्ये गाल्वा तिची प्रवेश परीक्षा नापास झाला. पुढच्या वर्षी पुन्हा बसला, पण परीक्षेच्या थोडेच आधी, जुलै १८२९ मध्ये वडिलांनी आत्महत्या केली. गावच्या पाद्र्याशी असलेल्या राजकीय वैरातून त्यांची बदनामी झाली होती. या धक्क्यातच दिलेल्या परीक्षेतही गाल्वा नापास झाला. अखेर त्याने एकोल नॉर्माल या शिक्षक घडवणाऱ्या संस्थेत प्रवेश घेतला. दरम्यान, समीकरणे सोडवण्याविषयीचे त्याचे निबंध फ्रेंच विज्ञान अकादमीकडे गेले होते. परीक्षणाचे काम ऑगस्टीन कोशी या थोर गणितज्ञाकडे होते. त्यावरचा अहवाल कधीच आला नाही.

हस्तलिखित कसे हरवले?

फेब्रुवारी १८३० मध्ये गाल्वाने आपले काम नव्याने लिहून अकादमीच्या मोठ्या पारितोषिकासाठी पाठवले. अकादमीचे सचिव जोसेफ फूरिए यांनी ते वाचण्यासाठी घरी नेले. मे महिन्यात फूरिए यांचे निधन झाले. त्यांच्या कागदपत्रांत हस्तलिखित सापडले नाही. पारितोषिक जाकोबी आणि दिवंगत आबेल यांना मिळाले. गाल्वाचा निबंध स्पर्धेत धरलाच गेला नाही, कारण तो कुणाकडेही नव्हता. जानेवारी १८३१ मध्ये त्याने तेच काम तिसऱ्यांदा लिहून दिले. या वेळी सिमेओं प्वासाँ यांनी ते वाचले, पण मांडणी पुरेशी स्पष्ट नाही म्हणून जुलैमध्ये परत पाठवले.

सर्व्हरला उपयोगी पडलेला निबंध कोणता?

तो वेगळा निबंध आहे. जून १८३० मध्ये एका विज्ञानपत्रिकेत गाल्वाचा संख्यासिद्धांतावरचा लेख आला. मोजक्याच संख्या असलेल्या जगात बेरीज, वजाबाकी, गुणाकार आणि भागाकार बिनचूक कसे करायचे, हा त्याचा विषय. घड्याळात ११ नंतर ३ तास गेले की १४ नव्हे, २ वाजतात. बेरीज ठरावीक आकड्यांतच फिरत राहते. पण बारा तासांच्या घड्याळात भागाकार नीट होत नाही. तास मूळसंख्येइतके असतील, तर तो होतो. गाल्वाने याच्या पुढचे पाऊल टाकले. मूळसंख्येच्या कोणत्याही घाताइतक्या संख्यांचे असे बंदिस्त जग उभारता येते, हे त्याने दाखवले. आज त्याला गाल्वा क्षेत्र म्हणतात. संगणकातल्या एका बाइटच्या किमती २५६, म्हणजे २ चा आठवा घात. त्यामुळे बाइटवर केलेले असे कोणतेही गणित पुन्हा बाइटमध्येच मावते. अपूर्णांक उरत नाही, आकडा बाहेर सांडत नाही आणि केलेली क्रिया उलटी फिरवता येते.

त्याचा शेवट कसा झाला?

जुलै १८३० मध्ये पॅरिसमध्ये क्रांती झाली, तेव्हा संस्थेच्या संचालकांनी विद्यार्थ्यांना आतच कोंडून ठेवले. प्रजासत्ताकवादी गाल्वाने त्यांच्यावर वृत्तपत्रातून जाहीर टीका केली आणि त्याला काढून टाकण्यात आले. मे १८३१ मध्ये राजाला धमकावल्याच्या आरोपाखाली त्याला अटक झाली, पण तो निर्दोष सुटला. १४ जुलैला बंदी असलेल्या तुकडीचा गणवेश घालून निघाल्याबद्दल पुन्हा अटक झाली. या वेळी सेंत-पेलाजीच्या तुरुंगात सहा महिन्यांची शिक्षा भोगावी लागली. १८३२ च्या वसंतात पॅरिसमध्ये कॉलरा पसरला आणि त्याला तुरुंगातून एका शुश्रूषागृहात हलवले गेले. एप्रिलअखेरीस सुटका झाली. महिनाभरातच, ३० मेच्या सकाळी, तो पिस्तुलाच्या द्वंद्वात उतरला. कारण प्रेमप्रकरण की राजकारण, यावर अभ्यासकांत आजही एकमत नाही. गोळी पोटात लागली. ३१ मे रोजी कोशँ रुग्णालयात त्याचा मृत्यू झाला, तेव्हा धाकटा भाऊ अल्फ्रेड जवळ होता. गाल्वा २० वर्षांचा होता. मोंपार्नास दफनभूमीत त्याला सामायिक खड्ड्यात पुरले गेले.

मग त्याचे काम वाचले कसे?

शेवटच्या रात्री त्याने सगळा सिद्धांत लिहून काढला, ही दंतकथा आहे. बहुतेक लेखन आधीच झालेले होते. द्वंद्वाच्या आदल्या दिवशी, २९ मे रोजी, त्याने जुन्या कागदांवर दुरुस्त्या केल्या आणि ऑग्युस्त शव्हालिए या मित्राला एक दीर्घ पत्र लिहिले. त्यात आपल्या संशोधनाचा सारांश देऊन, गाउस किंवा जाकोबी यांच्याकडे त्यावर जाहीर मत मागावे, अशी विनंती त्याने केली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ते पत्र छापले गेले. शव्हालिएने त्याच्या कागदांच्या नकला केल्या, भावासह ते सांभाळले आणि जाणत्या गणितज्ञांपर्यंत पोहोचवले. अखेर जोसेफ लिउव्हिल यांनी ते बारकाईने अभ्यासले आणि १८४६ मध्ये आपल्या नियतकालिकात प्रसिद्ध केले. तोवर गाल्वाला जाऊन १४ वर्षे झाली होती.

हे गणित डिस्कपर्यंत कसे आले?

१९६० मध्ये अमेरिकेतील अर्व्हिंग रीड आणि गुस्ताव सॉलोमन यांनी गाल्वा क्षेत्रावर आधारित चूक सुधारणारी पद्धत मांडली. सीडीवर ओरखडा असूनही गाणे वाजते आणि दुकानातला क्यूआर कोड कोपऱ्यात फाटला तरी मोबाइल तो वाचतो, हे त्याच पद्धतीमुळे. अनेक स्वस्त डिस्क एकत्र जोडून एक भरवशाची साठवण बनवायची ‘रेड’ ही कल्पना बर्कली विद्यापीठातील पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी १९८८ च्या शोधनिबंधात मांडली. त्यातल्या ‘रेड ५’ मध्ये सर्व डिस्कवरील माहितीची एक बेरीज जास्तीची ठेवली जाते. एक डिस्क गेली, तर बेरजेतून बाकीच्या वजा करून ती परत मिळते. दोन गेल्या, तर एक समीकरण पुरत नाही. म्हणून पुढे आलेल्या ‘रेड ६’ मध्ये दुसरी बेरीजही ठेवतात. तीत प्रत्येक डिस्कच्या माहितीला वेगवेगळ्या आकड्याने गुणलेले असते. शाळेतल्या एकसामयिक समीकरणांसारखेच हे आहे. दोन संख्यांची बेरीज १० आणि दुसरीची दुप्पट करून बेरीज १४, एवढे कळले की दुसरी ४ आणि पहिली ६ हे निघते. सर्व्हरमध्ये हे गुणाकार-भागाकार गाल्वा क्षेत्रात होतात, म्हणूनच उत्तर प्रत्येक वेळी बाइटमध्ये बसते.

किती डिस्क आणि कोणत्या घ्याव्यात?

दोनच डिस्कची जागा असेल, तर दोन्हींवर एकच माहिती ठेवणे उत्तम. तिथे वेगळ्या गणिताची गरज नाही. ८ टेराबाइटच्या चार डिस्क असतील, तर ‘रेड ५’ मध्ये २४ आणि ‘रेड ६’ मध्ये १६ टेराबाइट जागा मिळते. चार डिस्कच्या दोन जोड्या करून आरसा पद्धत वापरली, तरी १६च मिळते. फरक असा की, एकाच जोडीतल्या दोन्ही डिस्क गेल्या तर तिथे माहिती जाते. ‘रेड ६’ मध्ये कोणत्याही दोन गेल्या तरी चालते. सहा डिस्क असतील, तर ३२ टेराबाइट जागा मिळून दोन डिस्कचे संरक्षणही राहते. म्हणून ‘रेड ६’ चा खरा फायदा डिस्कची संख्या वाढल्यावर दिसतो.

दुसरी बेरीज हवी कशाला? नवी डिस्क बसवल्यावर बाकीच्या डिस्क पूर्ण वाचून ती भरावी लागते. सेकंदाला सरासरी २०० मेगाबाइट गती धरली, तरी ८ टेराबाइटला ११ तास लागतात. सर्व्हर वापरात असेल तर आणखी जास्त. एवढा वेळ जुन्या डिस्कवर सलग ताण असतो आणि ‘रेड ५’ मध्ये त्या काळात कोणतेही संरक्षण उरत नाही. सगळ्या डिस्क एकाच वेळी, एकाच लॉटमधल्या घेणेही त्यामुळे टाळावे.

डिस्कचा प्रकारही पाहावा लागतो. ‘एसएमआर’ डिस्कमध्ये माहितीच्या पट्ट्या छपरावरच्या कौलांसारख्या एकमेकींवर थोड्या चढवलेल्या असतात. त्यामुळे एक पट्टी बदलताना शेजारच्याही पुन्हा लिहाव्या लागतात आणि नवी डिस्क भरण्याचे काम फार लांबते. अशा सर्व्हरसाठी ‘सीएमआर’ प्रकारच घ्यावा. खोक्यावर लिहिलेले नसेल, तर कंपनीच्या तांत्रिक माहितीपत्रकात तपासावे.

प्रोसेसर आणि मेमरी किती हवी?

गाल्वाच्या गणितासाठी महागडा प्रोसेसर किंवा वेगळे रेड कार्ड लागत नाही. कमी वीज खाणारे आजचे साधे प्रोसेसरही ते सहज करतात. इंटेलने तर २०१९ पासून काही प्रोसेसरमध्ये या गणितासाठी खास सूचना दिल्या आहेत आणि त्यांच्या नावातच गाल्वा आहे. प्रोसेसरची निवड ठरते ती व्हिडीओवरून. टीव्ही किंवा मोबाइलला मूळ फाइल चालत नसेल, तर सर्व्हरला ती त्याच क्षणी बदलून द्यावी लागते. त्यासाठी व्हिडीओ रूपांतराची अंगभूत सोय असलेला प्रोसेसर घ्यावा. मेमरी शक्य असल्यास चूक सुधारणारी, म्हणजे ‘ईसीसी’ घ्यावी. माहिती डिस्कवर जाण्याआधी मेमरीतच बिघडली, तर रेड ती बिघडलेली माहितीच इमानेइतबारे जपते. मदरबोर्ड ‘ईसीसी’ला साथ देतो का आणि त्यावर डिस्कसाठी पुरेसे पोर्ट आहेत का, हे आधी पाहावे. घरगुती नेटवर्कला एक गिगाबिट वेग पुरतो. फोरके ब्लू-रे दर्जाच्या व्हिडीओलाही सेकंदाला जास्तीत जास्त १२८ मेगाबिट लागतात. यूपीएस मात्र ऐच्छिक समजू नये. लिहिणे चालू असताना वीज गेली, तर डिस्कवरची माहिती आणि तिच्या बेरजा यांचा मेळ बिघडू शकतो.

रेड असताना बॅकअप कशाला?

रेड फक्त बंद पडलेल्या डिस्कपासून वाचवते. चुकून पुसलेली फाइल सगळ्या डिस्कवरून एकाच क्षणी पुसली जाते. आग, चोरी किंवा खंडणीचा व्हायरस यांपुढे दोन काय, दहा बेरजाही उपयोगाच्या नाहीत. त्यामुळे अंदाजपत्रक करतानाच एका बाहेरच्या डिस्कचे पैसे बाजूला ठेवावेत. जे फोटो आणि व्हिडीओ पुन्हा मिळणार नाहीत, त्यांची प्रत तिच्यावर घेऊन ती दुसऱ्या घरी ठेवावी. पैसे कमी पडले, तर सर्व्हरमधली एक डिस्क कमी करावी, ही प्रत नाही. चित्रपट पुन्हा मिळवता येतात, मुलांचे बालपण नाही.

गाल्वाच्या कागदांचेही तसेच झाले. फूरिए यांच्या घरी गेलेले हस्तलिखित अकादमीच्या हाती पुन्हा आले नाही. शव्हालिएने नकला करून ठेवलेले काम मात्र छापले गेले. मूळ कागद आज पॅरिसमध्ये ‘अँस्तित्यू द फ्रान्स’च्या ग्रंथालयात जपून ठेवले आहेत.