पक्ष्यांचा कैवारी

हिवाळा लागला की आसनगाव-शहापूरकडील भातखाचरांच्या बांधांवर शेपटी खालीवर हलवीत फिरणारे धोबी पक्षी दिसू लागतात. उत्तरेकडील थंड प्रदेशांतून येणाऱ्या अशा पाहुण्यांचे आसरे राखण्यासाठी ज्यांनी आयुष्य वेचले, ते थोर पक्षिशास्त्रज्ञ म्हणजे डॉ. सालिम अली.

१२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत त्यांचा जन्म झाला. आईबाप लवकर निवर्तल्यामुळे मामा अमीरुद्दीन तय्यबजी यांनी त्यांचा सांभाळ केला. एके दिवशी सालिमने छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी मारली. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता. ही कोणती चिमणी, हे मामांनाही सांगता येईना. म्हणून १९०८ साली तो बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेला. तेथील चिटणीस मिलार्ड यांनी चिमणीची जात तर सांगितलीच. शिवाय पेंढा भरून ठेवलेले कितीतरी पक्षीही दाखविले. त्या दिवसापासून शिकारी मुलगा अभ्यासक झाला.

१९३० साली जर्मनीहून शिकून ते परतले, तो हातची नोकरी गेलेली! तरीही खचून न जाता त्यांनी अलिबागजवळच्या किहीम गावी शिडीवर बसून सुगरण पक्ष्यांचे जीवन न्याहाळले. नर अर्धे घरटे विणतो, मादी ते पारखून पसंत करते आणि मगच ते पुरे होते, हा क्रम त्यांनी टिपून ठेवला.

राजस्थानातील भरतपूरची पाणथळ जागा ही संस्थानिकांची शिकारभूमी होती. १९३८ साली तेथे एकाच दिवशी चार हजारांहून अधिक पक्षी मारले गेले. स्वातंत्र्यानंतर ती जागा कोरडी करून शेतीस द्यावी, अशी मागणी पुढे आली. शेतकऱ्यांची गरज खरी होती; परंतु पाणीच आटले, तर हजारो मैलांवरून आलेले पक्षी उतरणार कोठे? सालिम अलींनी पंतप्रधान नेहरूंपाशी पक्ष्यांची बाजू मांडली आणि ती जागा वाचली. १९८५ साली तिला जागतिक वारशाचा मान मिळाला. पक्ष्यांच्या पायांत क्रमांकाची हलकी कडी घालून त्यांच्या प्रवासाच्या वाटा शोधण्याचे कामही सालिम अलींनी नेटाने चालविले.

१९८७ साली ते निवर्तले. पुढे, २००२ नंतर, भरतपूरला सायबेरियातील पांढरे क्रौंच आले नाहीत. वाटेवरील देशांत त्यांची शिकार होत राहिली होती. पक्ष्यांचा मार्ग एका तळ्याने पुरा होत नाही. गावोगावचा बांध, डबके आणि झाड हीही त्याच मार्गावरील विसाव्याची ठिकाणे होत.