मांजर नंबर ४००

२१ एप्रिल १९५६. जपानमधल्या मिनामाता गावात, कारखान्याच्या दवाखान्यात सहाव्या वर्षाला टेकलेली एक मुलगी आणली गेली. तिला धड चालता येईना, बोलता येईना, झटके येत होते. दोनच दिवसांत धाकट्या बहिणीची तीच गत. मग शेजारची मुलं. दवाखान्याचे प्रमुख डॉ. हाजिमे होसोकावा यांनी १ मे रोजी सरकारी आरोग्य केंद्राला कळवलं, की मेंदूचा कुठलातरी अनोळखी आजार पसरतोय.

होसोकावा यांचा जन्म १९०१चा, एहिमे प्रांतातला. टोकियोत डॉक्टर झाले आणि चिस्सो या केमिकल कंपनीत नोकरीला लागले. मिनामाता चिस्सोवरच जगायचं. साखर कारखान्याच्या पट्ट्यात वाढलेल्यांना याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

पेशंट बहुतेक कोळ्यांच्या घरचे, रोज मासे खाणारे. त्यांची मांजरंसुद्धा वेड्यासारखी गरगर फिरून मरत होती. कारखान्यात अ‍ॅसिटाल्डिहाइड बनवताना पारा वापरत आणि सांडपाणी थेट खाडीत जाई. त्यातला मिथाइल पारा बारीक जीवांत, तिथून छोट्या माशांत, मग मोठ्या माशांत साठत जातो. मासा तळा नाहीतर उकडा, तो जात नाही. गरोदर बाईनं असा मासा खाल्ला तर तो वार ओलांडून पोटातल्या बाळाच्या मेंदूत पोचतो. मिनामातात आई वरवर ठणठणीत आणि बाळ जन्मापासून अपंग, अशी घरं होती.

(भिगवणला चिलापीवर ताव मारणाऱ्यांनी लगेच ताट सरकवू नये. पाण्यात पारा सोडला जात नसेल, तर शेवाळ खाणाऱ्या छोट्या माशांत तो सहसा कमीच असतो. मोठे शार्क, तलवार मासा असे दुसऱ्या माशांवर जगणारे मात्र लहान मुलांना आणि गरोदर बायकांना नकोत.)

होसोकावांनी मांजरांवर प्रयोग सुरू केले. जुलै १९५९मध्ये ४०० नंबरच्या मांजराच्या खाण्यात ते कारखान्याचं सांडपाणी मिसळू लागले. ऑक्टोबरात मांजर लटपटायला लागलं, त्याला झटके आले. म्हणजे विष कुठून येतंय हे कंपनीच्याच डॉक्टरला कळलं होतं. त्यांनी वरिष्ठांना सांगितलं. वरिष्ठांनी तो प्रयोग पुढे नेऊ दिला नाही. डॉक्टर गप्प बसले.

इथे त्यांना हिरो म्हणणं जड जातं. डिसेंबरात कंपनीनं पेशंटच्या घरच्यांच्या हातावर थोडे पैसे टेकवले आणि लिहून घेतलं, की उद्या दोष कारखान्याचा निघाला तरी जास्त मागायचं नाही. मांजराची गोष्ट बाहेर आली असती, तर त्या कागदावर कुणी सही केली असती का? होसोकावा १९६२मध्ये निवृत्त होऊन गावी गेले. पाऱ्याचा तो प्लँट १९६८पर्यंत चालूच होता.

पुढे पेशंट कोर्टात गेले. जुलै १९७०मध्ये होसोकावा कॅन्सरनं टोकियोच्या हॉस्पिटलमध्ये पडून होते. कोर्टाची माणसं त्यांच्या कॉटपाशी आली आणि त्यांनी मांजर नंबर ४००बद्दल सगळं सांगितलं. आपल्याच जुन्या कंपनीविरुद्ध, अकरा वर्षं उशिरा. त्याच ऑक्टोबरात ते गेले. २० मार्च १९७३ला निकाल लागला, पेशंटच्या बाजूनं.