एका वर्षासाठी गेलेले डॉ. कोटणीस

९ डिसेंबर हा डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचा स्मृतिदिन. आपल्या मंडळातील ज्येष्ठांना हे नाव व्ही. शांताराम यांच्या 'डॉ. कोटनीस की अमर कहानी' या १९४६ च्या चित्रपटामुळे ठाऊक आहे. नव्या पिढीला मात्र ते सांगावे लागते. हैदराबादहून मुंबईला जाताना ज्या सोलापूर स्टेशनवर आपण चहा आणि शेंगाचटणी घेतो, त्याच सोलापूरचे हे सुपुत्र. चित्रपट बाजूला ठेवून त्यांचे खरे आयुष्य कसे होते, ते आम्ही येथे थोडक्यात मांडत आहोत.

द्वारकानाथांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापूर येथे झाला. कुटुंब मध्यमवर्गीय, भावंडे बरीच. तेव्हाचे सोलापूर हे गिरण्यांचे आणि हातमागांचे गाव. घरात मराठी, बाजारात कानडी आणि विणकरांच्या पेठेत तेलुगू, असा तिथला रिवाज. परकी भाषा कानावर पडली की बिचकायचे नाही, हे सोलापूरचे मूल लहानपणीच शिकते. आपल्यासारख्या दोन-तीन भाषांत वाढलेल्यांना ते वेगळे सांगायला नको. पुढे चीनमध्ये त्यांनी ज्या झपाट्याने चिनी भाषा आत्मसात केली, तिचे थोडे श्रेय सोलापूरला द्यायला हरकत नाही.

वैद्यकीय शिक्षण त्यांनी मुंबईच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजात घेतले. पदवी मिळाल्यावर पुढील शिक्षणाची तयारी सुरू होती. त्या काळी मुंबईत शिकलेला डॉक्टर म्हणजे घराचा आधार. दवाखाना काढावा, धाकट्या भावंडांचे शिक्षण आणि लग्ने पार पाडावीत, हा सरळ मार्ग त्यांच्यासमोर होता.

१९३७ साली जपानने चीनवर मोठे आक्रमण केले. चीनच्या आठव्या मार्ग सेनेचे सेनापती चू तेह यांनी पंडित नेहरूंना पत्र लिहून डॉक्टर आणि औषधांची मदत मागितली. १९३८ मध्ये काँग्रेसचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस होते. त्यांनी देशाला आवाहन केले, जुलै महिन्यात चीनसाठी निधी गोळा करण्यात आला आणि सुमारे २२ हजार रुपये जमले. पारतंत्र्यात असलेल्या गरीब देशाने दुसऱ्या संकटग्रस्त देशासाठी काढलेली ही वर्गणी होती. त्यातून एक रुग्णवाहिका, औषधे आणि पाच डॉक्टर पाठवायचे ठरले.

पथकाचे प्रमुख होते अलाहाबादचे डॉ. मदनमोहन अटल. स्पेनच्या यादवी युद्धात काम केल्याचा अनुभव त्यांच्या गाठीशी होता. नागपूरचे डॉ. चोळकर वयाने सर्वांत ज्येष्ठ. कलकत्त्याचे डॉ. बिजयकुमार बसू आणि डॉ. देबेश मुखर्जी, आणि सोलापूरचे डॉ. कोटणीस. म्हणजे पाचांपैकी दोघे मराठी बोलणारे. द्वारकानाथ तेव्हा २७ वर्षांचे होते. मुदत ठरली होती साधारण एक वर्षाची. आम्ही बँकेतली माणसे याला डेप्युटेशन म्हणू. ठरलेल्या काळासाठी दुसरीकडे जायचे, काम करायचे, अहवाल द्यायचा आणि मूळ जागी रुजू व्हायचे.

१ सप्टेंबर १९३८ रोजी पथक मुंबईहून 'राजपुताना' जहाजाने निघाले आणि १७ सप्टेंबरला कँटन बंदरात पोहोचले. तेथे सन यत्‌सेन यांच्या पत्नी सुंग चिंगलिंग यांनी त्यांचे स्वागत केले. पुढे हँको, यिचांग आणि चुंगकिंग असा प्रवास झाला. वाटेत जिथे मुक्काम पडेल तिथल्या इस्पितळात ते जखमींवर उपचार करीत. युद्ध त्यांच्या पाठोपाठच येत होते. ज्या कँटनमध्ये ते उतरले आणि ज्या हँकोत त्यांनी काम केले, ती दोन्ही शहरे ऑक्टोबर संपण्याआधीच जपान्यांच्या ताब्यात गेली.

चुंगकिंगमध्ये असताना द्वारकानाथांना वडिलांच्या निधनाची बातमी कळली. घरी आई आणि भावंडे. सहकाऱ्यांनी परत जाण्याचा सल्ला दिला, आणि तसे ते गेले असते तर कोणीही नाव ठेवले नसते. ते थांबले. स्वीकारलेले काम अजून सुरूही झालेले नाही, ही त्यांची भावना होती. आपल्याकडे वडील गेल्यावर मुलाने घरी असणे याला किती अर्थ आहे, हे आपण जाणतो. त्या कुटुंबाने तेव्हा जे सोसले त्याची नोंद कोणत्याही स्मारकावर नाही. द्वारकानाथांच्या त्यागाबद्दल बोलताना सोलापूरच्या त्या घराचा त्यागही त्यात धरला पाहिजे, असे आम्हाला वाटते.

चुंगकिंगमध्येच या डॉक्टरांना चिनी नावे मिळाली. प्रत्येकाच्या नावाला 'हुआ' म्हणजे चीन हा शब्द जोडला गेला. कोटणीसांचे नाव झाले के दिहुआ. आजही चीनमध्ये ते याच नावाने ओळखले जातात.

१२ फेब्रुवारी १९३९ रोजी पथक येनानला पोहोचले. वर्षाच्या मुदतीतले साडेपाच महिने तोपर्यंत संपले होते. येनान हे माओ त्से तुंग यांच्या नेतृत्वाखालील भागाचे केंद्र. तेथे मातीच्या डोंगरात कोरलेल्या गुहांमध्ये इस्पितळ होते आणि कोटणीस शस्त्रक्रियेचे काम पाहू लागले. त्याच वर्षी डॉ. चोळकर आणि डॉ. मुखर्जी प्रकृतीच्या कारणाने भारतात परतले. १९४० मध्ये डॉ. अटल यांनाही आजारपणामुळे परतावे लागले. यात कमीपणा काहीच नाही. ज्या वयात आणि ज्या हवामानात त्यांनी काम केले, तेच पुष्कळ होते. आता बसू आणि कोटणीस असे दोघेच उरले.

हे दोघे थेट आघाडीमागच्या डोंगराळ प्रदेशात, शान्शी, चाहार आणि हबेई या प्रांतांच्या सीमाभागात गेले. तेथे काही महिन्यांपूर्वीपर्यंत कॅनडाचे प्रख्यात शल्यचिकित्सक डॉ. नॉर्मन बेथ्यून काम करीत होते. जखमी सैनिक इस्पितळापर्यंत येण्याची वाट न पाहता शस्त्रक्रियेचे साहित्य घेऊन लढाईच्या जवळ जायचे, ही त्यांची पद्धत. शस्त्रक्रिया करताना बोटाला झालेली जखम चिघळली, विष रक्तात भिनले आणि १२ नोव्हेंबर १९३९ रोजी त्यांचा मृत्यू झाला. एवढ्या मोठ्या प्रदेशाला अनुभवी सर्जन उरला नव्हता. नंतर डॉ. बसू येनानला परतले, कोटणीस मात्र तेथेच राहिले.

ऑगस्ट १९४० मध्ये चिनी सेनेने जपान्यांविरुद्ध मोठी मोहीम उघडली. त्या काळात कोटणीसांनी ८०० हून अधिक जखमींवर उपचार केले. एकदा तर सलग ७२ तास ते झोपेविना शस्त्रक्रिया करीत राहिले. एखाद्या घराची पडवी, एखादे देऊळ, कधी झाडाखाली टाकलेली फळी, हेच ऑपरेशन थिएटर. भूल देण्याच्या औषधांची टंचाई नेहमीचीच. शत्रू जवळ आला की रुग्णांना स्ट्रेचरवर घालून डोंगर ओलांडायचा आणि पलीकडे पुन्हा काम सुरू करायचे. सैनिकांबरोबर आसपासच्या खेड्यांतील बायामुले आणि म्हातारीकोतारी माणसेही त्यांच्याकडे उपचाराला येत.

जानेवारी १९४१ मध्ये त्यांची बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता इस्पितळाचे पहिले संचालक म्हणून नेमणूक झाली. त्यांच्या आयुष्यातला हाच भाग आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि चित्रपटात नेमका तोच झाकला जातो. जखमींवर उपचार करणे हे काम ते आधीही करीत होते. आता त्याला दुसरे काम जोडले गेले, ते शिकवण्याचे. बेथ्यून यांच्या नावाने चालणाऱ्या वैद्यकीय शाळेत ते शस्त्रक्रिया शिकवू लागले, आणि तेही चिनी भाषेत. विद्यार्थी म्हणजे बहुतेक शेतकऱ्यांची मुले, शिक्षण बेताचेच. त्यांच्यासाठी हाताशी पुस्तके नाहीत हे पाहून त्यांनी स्वतः शस्त्रक्रियेवर पाठ्यपुस्तके लिहायला घेतली. एक पूर्ण झाले, दुसरे अपुरे राहिले. परदेशी डॉक्टर म्हणून मिळणारी खाण्यापिण्याची वेगळी सवलत त्यांनी नाकारली. सर्वांच्या ताटात जे असे, तेच त्यांच्या ताटात.

येथेच त्यांची भेट क्वो चिंगलान या परिचारिकेशी झाली. त्या वैद्यकीय शाळेत शिकवीत असत. २५ नोव्हेंबर १९४१ रोजी दोघांचा विवाह झाला. २३ ऑगस्ट १९४२ रोजी मुलगा झाला. सेनानी न्ये रोंगझेन यांनी त्याचे नाव ठेवले यिनहुआ. यिन म्हणजे भारत आणि हुआ म्हणजे चीन. त्याच वर्षी जुलैमध्ये कोटणीस चिनी कम्युनिस्ट पक्षाचे सभासद झाले होते. कोणाला ते आवडेल, कोणाला नाही, पण चरित्रात ते वगळणे योग्य होणार नाही.

कामाचा, अर्धपोटी राहण्याचा आणि थंडीचा परिणाम शरीरावर झालाच. त्यांना अपस्माराचे झटके येऊ लागले. उपचारासाठी सुरक्षित ठिकाणी जावे, असे सर्वांनी सुचवले. ते गेले नाहीत. शेवटच्या दिवसांतही पाठ्यपुस्तकाचे लिखाण सुरूच होते. तांग तालुक्यातील गगोंग या खेड्यात ९ डिसेंबर १९४२ च्या पहाटे त्यांची प्राणज्योत मालवली. वय अवघे ३२. मुलगा साडेतीन महिन्यांचा.

पुढची हकीकतही सांगायला हवी. यिनहुआने वडिलांप्रमाणे वैद्यकीय शिक्षण घेतले, पण शिक्षण पूर्ण होण्याच्या सुमारास १९६७ मध्ये त्याचा ऐन तारुण्यात मृत्यू झाला. चिंगलान यांनी सोलापूर-मुंबईच्या नातेवाइकांशी असलेले नाते जपले. त्या अनेकदा भारतात येऊन गेल्या. २०१२ मध्ये त्यांचे निधन झाले. डॉ. बसू यांनी परतल्यावर कलकत्त्यात काम केले आणि पुढे तेथे ॲक्युपंक्चरचा प्रसार केला. चीनने १९८२ मध्ये आणि भारताने १९९३ मध्ये कोटणीसांवर टपाल तिकीट काढले. शिच्याच्वांग येथील हुतात्मा उद्यानात त्यांची समाधी आहे आणि सोलापुरातील त्यांच्या घरी स्मारक आहे. १९६२ चे युद्ध झाले, त्यानंतरही सीमेवर ताण आले आणि गेले. हे एक नाव दोन्हीकडे आदराने घेतले जाते.

आता हे सारे आज का आठवायचे? आपल्या मंडळाच्या कुटुंबांतील मुलेमुली आता डॉक्टर, परिचारिका, भूलतज्ज्ञ झाली आहेत. अशांपैकी कोणी रजा काढून आठ-पंधरा दिवस एखाद्या गरीब देशात लहान मुलांवर मोफत शस्त्रक्रिया करणाऱ्या पथकाबरोबर जाते. दुभंगलेले ओठ, टाळूची फट, जन्मतः वाकलेले पाय. असे काम करणाऱ्यांचे कौतुक करावे तेवढे थोडे. एका ऑपरेशनने मुलाचा चेहरा बदलतो आणि आईचाही.

पण ओठ शिवला म्हणजे काम संपत नाही. टाळूची फट बुजवलेल्या मुलाला बोलायला शिकवावे लागते, दातांकडे पाहावे लागते, वाढत्या वयात पुन्हा शस्त्रक्रियाही लागू शकते. वाकलेला पाय सरळ केल्यावर काही वर्षे पट्ट्याचे बूट घालावे लागतात. पाहुणे पथक विमानात बसल्यावर हे कोण पाहणार? तिथलाच डॉक्टर, तिथलीच परिचारिका. त्यांना शिकवून येणे हा अशा मोहिमेचा अर्धा भाग आहे, आणि फोटोत तो येत नाही.

कोटणीसांसारखे कायमचे राहणे सर्वांना शक्य नाही, आणि तशी अपेक्षाही कोणी करू नये. चोळकर, मुखर्जी आणि अटल परतले, तरी त्यांच्याही कामाचे मोल आहे. मात्र कोटणीसांनी त्या डोंगरात जे ओळखले, ते आठ दिवसांसाठी जाणाऱ्यालाही उपयोगी पडेल. आपल्या हातून बरे झालेले रुग्ण मोजता येतात. आपण शिकवलेल्यांच्या हातून पुढे बरे होणारे मोजता येत नाहीत, आणि ते कितीतरी अधिक असतात. आमच्या हिशेबी डोक्याला हे व्याजावरच्या व्याजासारखे वाटते. मुद्दल ठेवणारा गेला तरी ते वाढतच राहते.

हैदराबादच्या प्रवासात सोलापूरला गाडी थांबली की मुलानातवंडांना एवढे जरूर सांगा, की या गावचा एक डॉक्टर वर्षभरासाठी चीनला गेला होता आणि तिथल्या मुलांना शस्त्रक्रिया शिकवीत तिथलाच होऊन गेला. जमल्यास एकदा उतरून त्यांचे घरही दाखवा.

डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांच्या स्मृतीस आम्हा सर्वांचे विनम्र अभिवादन.