घरातील प्रयोगशाळा : दादासाहेब फाळके

पुष्कळ घरांत एखादा तरी असा मुलगा असतो, की बंद पडलेले घड्याळ हाती लागले म्हणजे ते उघडून पाहिल्यावाचून त्यास चैन पडत नाही. तारा, खिळे, भिंगे आणि रिकामे डबे यांचा संसार त्याने माडीवरच्या एखाद्या कोपऱ्यात मांडलेला असतो. वडीलधारी मंडळी यास नसता उद्योग म्हणतात आणि केर काढताना आईचा राग अनावर होतो. अशाच एका नसत्या उद्योगातून भारतीय चित्रपटाचा जन्म झाला, ही गोष्ट आज आम्हांस वाचकांपुढे ठेवावयाची आहे. तसे करण्यास आणखी एक कारण आहे. ज्या गृहस्थाने हा उद्योग आरंभिला, त्याच्या हातास वळण लागले ते आपल्या बडोद्यात.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी नाशिकजवळील त्र्यंबकेश्वर येथे झाला. वडील संस्कृतचे व्युत्पन्न पंडित. त्यांना मुंबईच्या विल्सन महाविद्यालयात अध्यापकाची जागा मिळाली आणि कुटुंब मुंबईस आले. धुंडिराजांचा ओढा मात्र पोथीपेक्षा कुंचल्याकडे अधिक होता. १८८५ साली ते जे. जे. कलाशाळेत दाखल झाले व पुढे वडील बंधूंच्या आश्रयाने बडोद्यास आले. श्रीमंत सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत १८९० साली स्थापन झालेल्या कलाभवनात त्यांस जणू घबाडच सापडले. हातांनी काम करणे हीच तेथे विद्या होती. प्राध्यापक त्रिभुवनदास गज्जर यांनी या विद्यार्थ्याची धडपड हेरली आणि छायाचित्रणाची साधने त्याच्या स्वाधीन केली. चित्रकला, छायाचित्रण, छपाईचे ठसे तयार करण्याची कला, इतकेच नव्हे तर जादूचे खेळसुद्धा, जे जे समोर आले ते ते धुंडिराजांनी आत्मसात केले.

परंतु संसाराची घडी काही केल्या बसेना. गोध्रा येथे त्यांनी छायाचित्रकाराचा व्यवसाय थाटला, तोच प्लेगच्या साथीने पत्नी व मूल हिरावून नेले. १९०२ साली त्यांचा दुसरा विवाह झाला व सरस्वतीबाई त्यांच्या घरी आल्या. पुढे त्यांनी पुराणवस्तुसंशोधन खात्यात नोकरी केली, तीही सोडली. नंतर छापखाना काढला आणि रंगीत छपाईचे ज्ञान मिळविण्यासाठी १९०९ साली ते जर्मनीस जाऊन आले. छापखाना नावारूपास आला, पण भागीदारांशी मतभेद झाले आणि दादासाहेब त्यातून बाहेर पडले. वय चाळिशीचे, घरात मुलेबाळे आणि हातात काही नाही, अशी ती वेळ होती.

याच सुमारास मुंबईच्या एका तंबूवजा चित्रगृहात त्यांनी ख्रिस्तचरित्रावरील चित्रपट पाहिला. पडद्यावर ख्रिस्ताची मूर्ती हलत होती आणि दादासाहेबांच्या मनश्चक्षूंपुढे राम व कृष्ण उभे राहत होते. आपल्या देवादिकांच्या कथा आपणच अशा का दाखवू नयेत, या विचाराने त्यांस ग्रासले. त्यांनी एक लहानसे यंत्र व काही फिती मिळविल्या. मेणबत्तीचा प्रकाश भिंगातून भिंतीवर पाडून ते रात्री घरीच चित्रे पाहत बसत. दिवसाची झोप व रात्रीची विश्रांती दोन्ही गेली आणि अतिश्रमाने डोळ्यांनी दगा दिला. काही काळ त्यांस दिसेनासेच झाले. चित्रकाराचे डोळे जाणे म्हणजे सर्वस्व जाणे. सुदैवाने डॉक्टरांच्या उपचारांनी व चष्म्यांच्या साहाय्याने दृष्टी परत आली. दुसरा कोणी असता तर त्याने एवढ्यावरच हा नाद सोडला असता. दादासाहेबांनी आयुष्याचा विमा गहाण टाकला आणि १९१२ च्या फेब्रुवारीत लंडन गाठले! तेथे त्यांनी चित्रपटनिर्मिती डोळ्यांनी पाहिली, विल्यमसन बनावटीचा कॅमेरा आणि फितीस छिद्रे पाडण्याचे यंत्र खरेदी केले व ते एप्रिलच्या आरंभी परत आले.

आता प्रश्न उभा राहिला भांडवलाचा. नुसत्या बोलण्यावर पैसे कोण देणार? तेव्हा दादासाहेबांनी जो उपाय योजिला, तो प्रत्येक विद्यार्थ्याने लक्षात ठेवावा असा आहे. त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि कॅमेरा तिच्यासमोर रोखून ठेवला. नित्यनेमाने रोज थोडे थोडे चित्रण करीत महिन्याहून अधिक काळ गेला. एवढ्या दिवसांत कॅमेऱ्याची जागा हलू न देणे, प्रकाश सारखा राखणे, घरातल्या मुलांचा धक्का लागू न देणे, हे सारे सांभाळावे लागले असेल याची कल्पना आम्ही करू शकतो. अखेर ती फीत पडद्यावर दाखविली तेव्हा मातीतून अंकुर वर आला, पाने फुटली, वेल वर चढू लागली; महिन्याचे काम सुमारे मिनिटभरात डोळ्यांपुढून सरकले. पाहणारे थक्क झाले आणि कर्जाऊ रक्कम मिळण्याचा मार्ग मोकळा झाला. मोठा देखावा नाही की नट नाहीत. वाटाण्याच्या एका दाण्याने ही साक्ष दिली.

दादरचे राहते घर आता कारखानाच बनले. कच्ची फीत त्या काळी छिद्रांवाचून येई व घरी अंधारात तिच्या दोन्ही कडांना छिद्रे पाडावी लागत. प्रत्येक चित्रामागे एका बाजूस चार, दोन्ही बाजूंस मिळून आठ छिद्रे. एका फुटात सोळा चित्रे. ‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट सुमारे ३,७०० फुटांचा होता. गणित करून पाहिले तर एका प्रतीस पावणेपाच लाखांच्या आसपास छिद्रे होतात! छिद्र किंचित चुकले तरी पडद्यावरचे चित्र थरथरणार. हे जिकिरीचे काम सरस्वतीबाईंनी केले. फीत धुण्याची रसायने त्या कालवीत, चित्रणाच्या वेळी उन्हाचा प्रकाश नटांवर परतवण्यासाठी पांढरी चादर धरून उभ्या राहत आणि शिवाय सर्व मंडळींचा स्वयंपाक करीत. पैसा अपुरा पडला तेव्हा त्यांनी अंगावरचे दागिनेही काढून दिले. दादासाहेबांच्या चरित्रात या माऊलीचे नाव त्यांच्या बरोबरीने घेतले पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

तारामतीच्या भूमिकेसाठी स्त्री मिळेना, तेव्हा उपाहारगृहात काम करणाऱ्या अण्णा साळुंके यांस लुगडे नेसवून उभे केले. रोहिदास झाला दादासाहेबांचा स्वतःचा मुलगा भालचंद्र. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहात ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढे आला आणि देशातील एका नव्या कलेचा पाया घातला गेला. पुढे नाशिकास राहून त्यांनी ‘लंकादहन’, ‘कालियामर्दन’ असे अनेक चित्रपट काढले. आपली विद्या त्यांनी झाकून ठेवली नाही; चित्रपट कसा तयार होतो हे दाखविणारा एक लघुपटही त्यांनी निर्मिला.

उत्तरायुष्य मात्र सुखाचे गेले नाही. १९३१ साली बोलपट आले, मूकपटांचे दिवस सरले. १९३७ चा ‘गंगावतरण’ हा त्यांचा अखेरचा चित्रपट. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे त्यांचे निधन झाले, तेव्हा त्यांचे स्मरण थोड्यांनाच उरले होते. १९६९ साली भारत सरकारने त्यांच्या नावे पुरस्कार सुरू केला आणि ते ऋण अंशतः फेडले.

या चरित्रापासून आम्ही काय घ्यावे? घड्याळ उघडणारे पुष्कळ असतात, परंतु ते पुन्हा जोडून चालू करीपर्यंत जो उठत नाही, त्याचाच उद्योग सार्थकी लागतो. वाटाण्यापुढे महिनाभर कॅमेरा न हलविण्याची चिकाटी दादासाहेबांपाशी होती. आणि वडीलधाऱ्यांनाही आमची एक विनंती आहे. माडीवरच्या कोपऱ्यातील तारा व भिंगे केरात टाकण्यापूर्वी, मुलगा तेथे काय करीत आहे हे एकदा त्याच्याजवळ बसून अवश्य पाहावे. सरस्वतीबाईंनी तो केर मानला नाही, म्हणून तर हे सारे घडले.