परत आलेला प्रबंध

दिल्लीतील २६, अलीपूर मार्ग येथे ६ डिसेंबर १९५६ रोजी डॉ. भीमराव रामजी आंबेडकर यांचे महापरिनिर्वाण झाले. संविधानाचे शिल्पकार म्हणून ते सर्वांस ठाऊक आहेत. त्यांच्यातील विद्यार्थी मात्र तितकासा परिचित नाही.

मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलात शिक्षकांनी त्यांना एकदा गणित सोडविण्यास फळ्यापाशी बोलावले, तेव्हा वर्गात गलका उडाला. फळ्यामागे मुलांचे जेवणाचे डबे होते. ते विटाळतील या भीतीने मुलांनी आधी डबे हलविले. संस्कृतची त्यांना ओढ होती, परंतु अस्पृश्य म्हणून ती नाकारली गेली आणि फारसी घ्यावी लागली. १९०७ च्या मॅट्रिकला त्यांना ७५० पैकी २८२ गुण मिळाले. ज्याच्याकडून कोणी फारशी अपेक्षाच बाळगली नव्हती, त्याची योग्यता त्या आकड्यात कितीशी उतरणार?

बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर ते १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. तेथे जॉन ड्यूई, एडविन सेलिग्मन यांसारखे अध्यापक लाभले. पदवीस लागतील तेवढ्याच विषयांवर न थांबता त्यांनी इतरही अनेक वर्ग ऐकले.

१९१८ मध्ये ते मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक झाले. अस्पृश्य प्राध्यापक काय शिकविणार, असा विद्यार्थ्यांचा आरंभी भाव होता. पुढे इतर महाविद्यालयांतील मुलेही त्यांच्या व्याख्यानांस येऊन बसू लागली. अपेक्षेचा काटा असा उलटाही फिरतो.

खरी कसोटी लंडनमध्ये लागली. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये प्रा. एडविन कॅनन यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी रुपयाच्या प्रश्नावर प्रबंध लिहिला आणि ऑक्टोबर १९२२ मध्ये सादर केला. परीक्षकांनी तो परत केला. ब्रिटिश राज्यकारभारावरील प्रखर टीका त्यांस रुचली नाही, असे चरित्रकार सांगतात. शैक्षणिक काटेकोरपणा आणि मताविषयीची नाराजी यांची अशी सरमिसळ झाली, की विद्यार्थ्याने दुरुस्त काय करावे हेच कळेनासे होते. हाताशी पैसे उरले नव्हते. एप्रिल १९२३ मध्ये मुंबईस परतून त्यांनी प्रबंध पुन्हा लिहिला. मांडणी बदलली, निष्कर्ष तेच ठेवले. नोव्हेंबर १९२३ मध्ये तो मान्य होऊन त्यांना डी.एस्‌सी. मिळाली.

प्रबंध ग्रंथरूपाने निघाला, तेव्हा कॅनन यांनी प्रस्तावना लिहिली. चलनपद्धतीविषयीच्या शिष्याच्या मतांशी आपण बव्हंशी सहमत नाही, हे त्यांनी तेथे उघडपणे नोंदविले. आणि त्याच्या विचारांतील ताजेपणाही तितक्याच मोकळेपणाने मान्य केला.